ऑपरेशन संपलं तरी पेशंट बाहेर का येत नाही? भूल उतरवतानाच्या त्या मिनिटांत नेमकं काय घडतं

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचा बाक. कुणाच्या हातात चहाचा कप, कुणाच्या हातात औषधांची पिशवी. दार उघडतं, सर्जन बाहेर येतात, मास्क खाली करतात आणि सांगतात, "ऑपरेशन चांगलं झालं, काळजीचं कारण नाही." सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

पण पेशंट काही बाहेर येत नाही. १० मिनिटं जातात, २० मिनिटं जातात. मग बाकावर कुजबुज सुरू होते. "ऑपरेशन झालंय ना, मग आणत का नाहीत? काही लपवत तर नाहीत?"

बहुतेक वेळा लपवण्यासारखं काहीच नसतं. सर्जनचं काम संपलेलं असतं, पण भूलतज्ज्ञांचं काम अजून बाकी असतं. पेशंटला नुसतं जागं करून भागत नाही. ऑपरेशनसाठी औषध देऊन त्याचे स्नायू थांबवलेले असतात आणि त्यात श्वास घेणारे स्नायूही आले. ते स्नायू त्याला परत मिळवून द्यायचे असतात. या कामाला ओटीच्या भाषेत 'रिव्हर्सल' म्हणतात. काम छोटं दिसतं, पण ते अर्धवट राहिलं तर चांगलं झालेलं ऑपरेशनही अडचणीत येऊ शकतं.

भूल म्हणजे नुसती झोप नाही

आपण 'पूर्ण भूल' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर गाढ झोप येते. प्रत्यक्षात त्यात तीन वेगवेगळी कामं असतात. पहिलं, पेशंटची शुद्ध हरपणं. दुसरं, वेदना थांबवणं. तिसरं, स्नायू सैल करणं. या तिन्हींसाठी वेगवेगळी औषधं असतात.

तिसऱ्या कामाची गरज का पडते? पोटाचं ऑपरेशन घ्या. शुद्ध नसली तरी पोटाचे स्नायू ताठ राहू शकतात आणि मग सर्जनला आत हात घालायला जागाच मिळत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात वायू भरून जागा तयार करतात, तिथेही स्नायू सैल असणं सोयीचं पडतं. मेंदूच्या किंवा डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये पेशंट जरा हलला तरी महागात पडू शकतं. शिवाय श्वासनलिकेत नळी घालायची तर स्वरयंत्राचे स्नायू ढिले असले की काम सोपं होतं.

म्हणून व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम यांसारखी औषधं दिली जातात. ती दिल्यावर पेशंट स्वतः श्वास घेऊ शकत नाही. त्याच्यासाठी श्वास घेतं ते मशीन, आणि त्या मशीनवर नजर ठेवतात ते भूलतज्ज्ञ.

प्रत्येक ऑपरेशनला ही औषधं लागत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. सिझेरियन, हर्निया किंवा गुडघ्याची बरीचशी ऑपरेशनं पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन होतात. तिथे पेशंट स्वतःच श्वास घेत असतो.

सुरुवात झाली बाणाला लावलेल्या विषापासून

या औषधांचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आहे. तिथले आदिवासी शिकारीसाठी बाणाच्या टोकाला एका वनस्पतीचं विष लावत. त्याचं नाव क्युरारे. बाण लागला की प्राणी लुळा पडायचा आणि श्वास थांबून मरायचा.

१८१४ मध्ये चार्ल्स वॉटर्टन या इंग्रज प्रवाशाच्या पुढाकाराने लंडनमध्ये एक प्रयोग झाला. एका गाढविणीला क्युरारे टोचलं. ती निपचित पडल्यावर तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने फुप्फुसात हवा भरत राहिले. काही तासांनी विषाचा असर ओसरला आणि गाढवीण उठून उभी राहिली. पुढे ती आणखी बरीच वर्षं जगली. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. हे विष स्नायू बंद पाडतं, आणि तेवढा वेळ कुणी श्वास चालू ठेवला तर जीव वाचतो.

१८५० च्या दशकात फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून दाखवलं की हे विष स्नायूला मारत नाही. ते मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात, तिथे निरोप अडवतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये क्युरारे पोहोचायला मात्र २० वं शतक उजाडलं. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरात डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकारी डॉ. एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये एका तरुणाला शुद्ध केलेलं क्युरारे दिलं. पोटाचे स्नायू सैल झाले आणि ऑपरेशन पार पडलं. तोवर स्नायू ढिले करायचे तर ईथरसारख्या औषधाने पेशंटला फार खोल भूल द्यावी लागायची, आणि तेवढी भूल हृदयाला झेपेलच याची खात्री नसायची. आता कमी भुलेतही काम होऊ लागलं.

एक प्रश्न तरीही उरला होता. क्युरारेमुळे माणूस बेशुद्धही होतो का? १९४७ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी स्वतःवरच प्रयोग करून घेतला. भूल न घेता त्यांनी क्युरारे टोचून घेतलं, ते पूर्ण लुळे पडेपर्यंत. सहकारी त्यांना कृत्रिम श्वास देत होते. बोलता येईनासं झालं, बोटही हलेना, पण त्यांना सगळं ऐकू येत होतं, कळत होतं आणि नंतर आठवतही होतं. म्हणजे हे औषध शरीर थांबवतं, मन नाही. रिव्हर्सल नीट होणं किती गरजेचं आहे, ते इथेच कळतं.

एसटीतली जागा आणि रुमाल

स्नायूंपर्यंत निरोप कसा पोहोचतो, हे समजायला आपली एसटी उपयोगी पडेल.

समजा, स्नायू म्हणजे स्टँडवर उभी असलेली एसटी. तिच्यातल्या जागांवर प्रवासी बसले की गाडी हलते, म्हणजे स्नायू आकुंचन पावतो. हा प्रवासी म्हणजे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन. मेंदूकडून संदेश आला की मज्जातंतूच्या टोकातून ते बाहेर पडतं आणि स्नायूवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं. काम झालं की एक एन्झाइम त्याला क्षणात मोडून टाकतं. तो झाला गाडीचा कंडक्टर, "उतरा, उतरा" म्हणत जागा मोकळ्या करणारा.

आता गर्दीच्या स्टँडवर काय होतं? कुणीतरी खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकतं. जागा अडते, पण बसलेलं कुणीच नसतं. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही औषधं नेमकं हेच करतात. प्रवासी दारात येतात, पण बसायला जागा नसते. गाडी हलत नाही.

यात एक मेख आहे. निसर्गाने जागा गरजेपेक्षा बऱ्याच जास्त ठेवल्या आहेत. प्रयोगांतून दिसलं आहे की साधारण चारपैकी तीन जागा अडल्याशिवाय स्नायूची कमजोरी दिसायलाच लागत नाही. याचा उलटा अर्थ असा की, पेशंट हात हलवू लागला म्हणून सगळे रुमाल उचलले गेले असं मानता येत नाही. बऱ्याच जागा अजूनही अडलेल्या असू शकतात.

पहिला उतारा: गर्दी वाढवा

क्युरारेवरचा उतारा सापडला तो आणखी एका विषात. आफ्रिकेत, आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात, चेटूक केल्याचा आरोप असलेल्या माणसाला एका वेलीचं बी खायला लावत. वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी, असा तो न्याय. त्या बीमधून फायसोस्टिग्मीन हे रसायन वेगळं काढण्यात आलं. १९०० मध्ये व्हिएन्नाच्या जेकब पाल यांनी दाखवून दिलं की क्युरारेमुळे लुळा पडलेला प्राणी फायसोस्टिग्मीन दिल्यावर पुन्हा श्वास घेऊ लागतो. एका विषावर दुसऱ्या विषाचा उतारा, असा हा प्रकार.

याच धर्तीवर पुढे प्रयोगशाळेत निओस्टिग्मीन तयार झालं. आजही भारतात रिव्हर्सलसाठी सर्रास वापरलं जातं ते हेच औषध.

निओस्टिग्मीन काय करतं? ते कंडक्टरला थांबवतं. एन्झाइमचं काम बंद पडलं की प्रवासी उतरत नाहीत आणि नवे येतच राहतात. गर्दी इतकी वाढते की रुमाल बाजूला सारून प्रवासी जागा पटकावतात आणि गाडी हलते.

पण या पद्धतीला दोन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा म्हणजे ही गर्दी फक्त स्नायूंमध्येच वाढत नाही. ॲसिटिलकोलीन हृदय, लाळग्रंथी, आतडी आणि श्वासनलिका इथेही काम करतं. नुसतं निओस्टिग्मीन दिलं तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात, तोंडात लाळ आणि छातीत स्राव वाढतात. म्हणून त्याच्यासोबत ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपीन द्यावंच लागतं. आपल्याकडे निओस्टिग्मीन आणि ग्लायकोपायरोलेट एकत्र असलेलं इंजेक्शनही मिळतं. भूल उतरल्यावर पेशंट "घसा कोरडा पडलाय, पाणी द्या" म्हणतो, त्यामागे या ग्लायकोपायरोलेटचाही हात असतो.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. कंडक्टर पूर्ण थांबला की गर्दी त्यापुढे वाढू शकत नाही. मग आणखी डोस देऊनही फायदा नाही. त्यामुळे औषधाचा असर अजून खोल असताना निओस्टिग्मीन दिलं तर ते पुरं पडत नाही. स्नायूंची ताकद आपोआप काही प्रमाणात परत येईपर्यंत थांबावं लागतं. दिल्यानंतरही पूर्ण असर दिसायला साधारण १० मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. बाहेरच्या बाकावर जी २० मिनिटं जाता जात नाहीत, त्यातला बराच वेळ यातच जातो.

अर्धवट उतरलेलं औषध

१९५४ मध्ये अमेरिकेत बीचर आणि टॉड या डॉक्टरांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९४८ ते १९५२ या ५ वर्षांत १० रुग्णालयांत दिलेल्या जवळपास ६ लाख भुलींची नोंद त्यांनी तपासली होती. स्नायू सैल करणारं औषध न दिलेल्या पेशंटमध्ये भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण २,१०० मध्ये १ होतं. औषध दिलेल्यांमध्ये ते ३७० मध्ये १ निघालं, म्हणजे जवळपास सहापट. या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला. दोष औषधाचा की ते वापरण्याच्या पद्धतीचा, यावर चर्चा रंगली. पण औषध देणं आणि ते उतरवणं या दोन्ही गोष्टी तितक्याच गांभीर्याने घ्यायला हव्यात, हे त्यातून ठळक झालं.

१९७९ मध्ये डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला विबी-मोगेन्सेन आणि सहकाऱ्यांनी रिकव्हरी रूममध्ये आलेल्या ७२ पेशंटचे स्नायू यंत्राने मोजले. त्यातल्या ४२ टक्के पेशंटमध्ये औषधाचा असर शिल्लक होता. आणि हे सगळे 'रिव्हर्सल झालंय' असं समजून बाहेर आणलेले पेशंट होते. त्या काळातली औषधं जास्त वेळ टिकणारी होती हे खरं, पण नंतरच्या काळातही अनेक देशांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला आहे.

असर शिल्लक राहिला तर काय होतं? श्वासपटल, म्हणजे श्वासाचा मुख्य स्नायू, लवकर सावरतो. घशाचे आणि गिळण्याचे स्नायू मात्र मागे राहतात. त्यामुळे पेशंट श्वास घेताना दिसतो, पण घसा ढिला असल्याने हवेची वाट अडते. लाळ किंवा पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. ऑक्सिजन कमी होतो. खोकण्याची ताकद नसेल तर छातीत कफ साठतो आणि पुढे न्यूमोनियाचा धोका वाढतो. पेशंटला एकाच्या दोन गोष्टी दिसतात, पापण्या उचलत नाहीत. आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे तो जागा असतो, गुदमरल्यासारखं वाटत असतं, पण ते सांगायला आवाज फुटत नाही.

"मान उचला" एवढ्यावर भागत नाही

भूल उतरताना पेशंटला सांगतात, "डोळे उघडा, जीभ बाहेर काढा, माझा हात दाबा, मान उचलून धरा." मान ५ सेकंद धरली की ताकद आली, असं बरीच वर्षं मानलं जायचं. नंतर दिसलं की स्नायूंमध्ये लक्षणीय कमजोरी शिल्लक असतानाही अनेकांना मान उचलता येते. ही परीक्षा उपयोगी आहे, पण पुरेशी नाही.

यावरची पक्की चाचणी १९७० मध्ये ब्रिटनमधल्या अली, अटिंग आणि ग्रे यांनी मांडली. तिचं नाव 'ट्रेन ऑफ फोर'. मनगटाजवळच्या मज्जातंतूला अर्ध्या अर्ध्या सेकंदाने विजेचे चार हलके झटके देतात आणि अंगठा किती हलतो ते पाहतात. औषधाचा असर असेल तर पहिल्या झटक्याला अंगठा बरा हलतो, दुसऱ्याला कमी, चौथ्याला अगदीच कमी. चौथी हालचाल पहिलीच्या किती टक्के आहे, तो आकडा महत्त्वाचा.

पूर्वी ७० टक्के झाले की पुरे मानत. आता किमान ९० टक्के हवेत, असं मानलं जातं. आणि डोळ्याने पाहून किंवा हाताने चाचपून हा फरक ओळखता येत नाही. प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेलं की अनुभवी डॉक्टरलाही चारही हालचाली सारख्याच वाटू लागतात. म्हणजे ४० ते ९० हा धोक्याचा पट्टा नजरेला दिसतच नाही. त्यासाठी आकडा दाखवणारं यंत्रच लागतं. अशा काही यंत्रांत अंगठ्याला एक छोटा सेन्सर लावतात. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, त्यामागे जो सेन्सर असतो, त्याच जातीचा हा.

अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा यंत्राने मोजण्याची आणि नळी काढण्याआधी ९० टक्क्यांची खात्री करण्याची शिफारस केली आहे.

दुसरा उतारा: रुमालच उचला

स्कॉटलंडमध्ये ऑर्गॅनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत अँटोन बॉम हे शास्त्रज्ञ रोक्युरोनियम विरघळवण्यासाठी योग्य पदार्थ शोधत होते. त्यासाठी त्यांनी सायक्लोडेक्स्ट्रिन पाहिलं. स्टार्चपासून बनणारा, साखरेच्या रेणूंच्या कड्यासारखा हा पदार्थ. त्यातल्या एका प्रकाराने रोक्युरोनियमचा रेणू पोटात घट्ट धरून ठेवला. मग विचार असा आला की शरीरातही असंच करता आलं तर?

त्यातून तयार झालं सुगामाडेक्स. हे औषध कंडक्टरच्या नादी लागत नाही आणि गर्दीही वाढवत नाही. रक्तात फिरणाऱ्या रोक्युरोनियमचे रेणू ते एकेक करून पकडतं. रक्तातलं प्रमाण कमी झालं की स्नायूंवरचे रेणूही सुटून रक्तात येतात आणि तेही पकडले जातात. म्हणजे सीटवरचे रुमाल गोळा करून पिशवीत भरल्यासारखं. पिशवी मग लघवीवाटे बाहेर.

निओस्टिग्मीनला १० मिनिटं लागतात, तिथे सुगामाडेक्सचं काम बहुतेकदा २ ते ३ मिनिटांत होतं. असर खोल असला तरी योग्य डोस दिला की ते चालतं. ॲसिटिलकोलीनला ते हात लावत नसल्यामुळे सोबत ग्लायकोपायरोलेटही लागत नाही. युरोपमध्ये २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अमेरिकेत ॲलर्जीच्या शंकेमुळे परवानगी लांबली आणि ती डिसेंबर २०१५ मध्ये आली.

मग सगळीकडे हेच का वापरत नाहीत? पहिलं कारण पैसा. निओस्टिग्मीनच्या तुलनेत ते कित्येक पट महाग आहे. दुसरं, ते फक्त रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमवर चालतं. ॲट्राक्युरियमचा रेणू त्या पिशवीत बसतच नाही. तिसरं, क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते किंवा हृदयाचे ठोके मंदावू शकतात. किडनी अगदीच कमकुवत असेल तर ते देण्याची शिफारस नाही. आणि एक गोष्ट बायकांना माहीत असायलाच हवी. हे औषध गर्भनिरोधक गोळीतल्या हार्मोनलाही पकडू शकतं. त्यामुळे हार्मोनची गर्भनिरोधकं घेणाऱ्यांना पुढचे ७ दिवस कंडोमसारखा दुसरा उपायही वापरायला सांगतात.

ज्याला उतारा नाही असं औषध

या कुटुंबात सक्सिनिलकोलीन हे वेगळंच प्रकरण आहे. ओटीत त्याला 'स्कोलिन' म्हणतात. ते रुमाल टाकत नाही. ते तोतया प्रवासी बनून स्वतःच सीटवर बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. घाईने नळी घालायची असेल तेव्हा ते फार उपयोगी पडतं, कारण मिनिटभरात असर होतो आणि ५ ते १० मिनिटांत उतरतो. रक्तातलं एक एन्झाइम त्याला मोडतं.

काही लोकांमध्ये जन्मतःच हे एन्झाइम कमी असतं किंवा नीट काम करत नाही. एरवी त्यांना आयुष्यभर काही जाणवत नाही. पण स्कोलिन दिलं की १० मिनिटांचा असर काही तास टिकतो. भारतात आर्य वैश्य समाजात हे प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासांतून दिसलं आहे. इथे निओस्टिग्मीन चालत नाही, उलट त्याने असर लांबू शकतो. सुगामाडेक्सचाही उपयोग नाही. उपाय एकच, पेशंटला झोपेत ठेवायचं आणि असर आपोआप उतरेपर्यंत मशीनवर श्वास द्यायचा. वेळेत ओळखलं तर पेशंट सहसा पूर्ण बरा होतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या गाढविणीचा धडा आजही लागू पडतो.

मग ऑपरेशनआधी काय सांगायचं?

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासणी करतात. अनेक जण ती केवळ सहीपुरती समजतात. खरं तर तिथे दिलेली माहितीच नंतर उपयोगी पडते.

- घरात कुणाला भुलीनंतर बराच वेळ मशीनवर ठेवावं लागलं होतं का? असेल तर नक्की सांगा. आई-वडील, भावंडं, काका-मामा, कुणीही असो.
- किडनी किंवा लिव्हरचा आजार, दमा, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर लपवू नका.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी द्या, गर्भनिरोधक गोळीसकट. काही अँटिबायोटिक्स आणि मॅग्नेशियममुळेही स्नायूंवरचा असर लांबतो.
- पूर्वी कोणत्याही इंजेक्शनची ॲलर्जी आली असेल तर सांगा.
- "स्नायूंचं औषध उतरलं की नाही हे कसं तपासता?" हा प्रश्न विचारायला हरकत नाही. त्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही.

आणि घरच्यांसाठी एक गोष्ट. पेशंटला बाहेर आणल्यावर तो बोलायचा प्रयत्न करतोय पण आवाज निघत नाही, पापण्या उचलत नाहीत, श्वास घेताना घुरघुर होते आहे किंवा तो कासावीस झालाय असं दिसलं, तर "भुलेत आहे, होईल ठीक" म्हणून बसून राहू नका. लगेच नर्सला किंवा डॉक्टरांना सांगा. तोंडात पाणी तर त्यांना विचारल्याशिवाय अजिबात घालू नका.

पुढच्या वेळी सर्जन बाहेर येऊन "झालं" म्हणतील आणि तरी पेशंट येणार नाही, तेव्हा बाकावरच्यांनी एवढं आठवावं. दाराच्या पलीकडे कुणीतरी त्याच्या उशाशी उभं राहून त्याच्या अंगठ्याकडे, छातीकडे आणि मॉनिटरकडे पाहत आहे. त्याचा श्वास पूर्णपणे त्याच्या ताब्यात आला, याची खात्री करून घेतली जात आहे. ती २० मिनिटं घाई करण्याची नव्हेत.